खिळ्यांच्या पेटीपासून वस्तुरूप आज्ञावलीपर्यंत

विनायक दामोदर सावरकर हे १९२४ सालच्या जानेवारींत येरवड्याच्या तुरुंगांतून सुटले, ते रत्नागिरी जिल्ह्याची हद्द ओलांडावयाची नाहीं या अटीवर. आणि ही अट १९३७ सालच्या मे महिन्यापर्यंत कायम होती. या तेरा वर्षांत त्यांनीं रत्नागिरींत ज्या चळवळी चालविल्या त्यांपैकीं अस्पृश्यतानिवारणाची आणि पतितपावन मंदिराची हकीकत बहुतेकांच्या कानांवर असते. लिपिशुद्धीची चळवळ मात्र विस्मृतींत गेल्यासारखी झाली आहे. ‘इ’ ऐवजीं ‘अि’, ‘उ’ ऐवजीं ‘अु’, ‘ए’ ऐवजीं ‘अे’ असें लिहावें, म्हणजे ‘अ’ची बाराखडी ‘क’च्या बाराखडीसारखीच सरळ चालेल, हा तिचा एक मुख्य मुद्दा होता. ‘आ’, ‘ओ’, ‘औ’ हीं अक्षरें ‘अ’ला काना-मात्रा देऊनच झालेलीं आहेत, मग ‘इ’ आणि ‘उ’ यांनींच वेगळा संसार कां थाटावा? हा प्रश्न पहिल्या इयत्तेंतील मुलालाहि सुचावा इतका साधा आहे. ‘किर्लोस्कर’ मासिकानें ही पद्धति उचलली, आणि एका पिढीनें तिच्यांतून कथा, कविता व लेख वाचले.

त्या काळच्या छापखान्यांतील खिळ्यांची पेटी ज्यानें पाहिली असेल त्यास या चळवळीचें कारण वेगळें सांगावयास नको. रोमन लिपीचें लहान-मोठीं मिळून ५२ अक्षरांत भागतें; अंक आणि विरामचिन्हें धरलीं तरी जुळाऱ्याचा हात एका जागेवरून साऱ्या घरांपर्यंत पोंचतो. नागरीचें तसें नव्हे. अखंड अक्षरें, अर्धीं अक्षरें, एकाच्या पोटाखालीं दुसरें बसलेलीं जोडाक्षरें, रफार, उकार, वेलांट्या, मात्रा असे शेंकडों खिळे; त्यांतून मात्रेचा खिळा नाजूक, तो मोडला कीं ‘के’चा ‘क’ होऊन वाचकांचीं पत्रें येणार! रत्नागिरींतच १८५६ सालीं जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनींहि ‘केसरी’च्या छपाईच्या निमित्तानें खिळे कमी करण्याच्या प्रश्नांत लक्ष घातलें होतें. पुढें १९५३ सालीं लखनौ येथें भरलेल्या लिपिसुधार परिषदेनें तर पहिली वेलांटीच अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे नेण्याचें ठरविलें. लोकांच्या डोळ्यांना तें रुचलें नाहीं आणि तो निर्णय मागें घ्यावा लागला.

या साऱ्या खटपटींच्या बुडाशीं एक गृहीत होतें. यंत्र बदलतां येत नाहीं, तेव्हां लिपीनेंच अंग चोरून त्यांत बसावें, असें तें गृहीत. त्या वेळच्या यंत्रांकडे पाहतां तें चुकीचेंहि नव्हतें. लिपीला कात्री न लावतां यंत्रासच शहाणें करावें हा मार्ग पुढें निघाला खरा. पण तो लिपिशास्त्रज्ञांनीं काढलेला नाहीं. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनीं तो काढला, आणि त्यांच्या डोळ्यांपुढें नागरी लिपि मुळींच नव्हती. होत्या त्या मोटारी, जहाजें आणि लहान मुलांचीं चित्रें.

आरंभींच्या आज्ञावली म्हणजे हुकुमांची एक लांबच लांब यादी असे, आणि त्या हुकुमांना लागणारी सारी माहिती एका सामायिक कोठींत पडलेली असे. ज्या हुकुमास जें हवें तें त्यानें उचलावें, वाटेल तेथें ठेवावें. मोठ्या एकत्र कुटुंबांत कोठीला कुलूपच नसलें म्हणजे काय होतें, हें निराळें सांगावयास नको. तांदूळ कमी भरतात, एवढें कळतें. कोणीं नेले तें कळत नाहीं. आज्ञावली शंभर ओळींची असे तोंवर हें खपलें. ती दहा हजार ओळींची झाली तेव्हां एका टोकाला केलेली दुरुस्ती दुसऱ्या टोकाला बिघाड होऊन उगवूं लागली. ज्या घरांत कोठीची किल्ली आजीच्या कनवटीला असते तेथें व्यवस्था निराळी. मागणाऱ्यानें आजीला सांगावयाचें, आजीनें मोजून द्यावयाचें. आंत डबे कसे लावले आहेत याची चौकशी मागणाऱ्यानें करावयाची नाहीं. माहिती आणि ती हाताळण्याचा अधिकार एकाच ठिकाणीं ठेवून बाहेरच्यांनीं केवळ निरोप पाठवावा, अशा रीतीनें बांधलेल्या घटकास आज्ञावलीकार ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात. मराठींत त्यास ‘वस्तु’ म्हणावयास हरकत नाहीं.

ही कल्पना प्रथम नॉर्वे देशांत रूपास आली. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटर या संस्थेंत क्रिस्तेन न्यगोर आणि ओले-योहान डाल हे दोघे, रांगा, वाहतूक, कारखान्यांतील कामाचा ओघ अशा व्यवहारांची प्रतिकृति संगणकावर उभी करण्यासाठीं ‘सिम्युला’ नांवाची भाषा घडवीत होते. एका पुलावर जकातीचें नाकें आहे आणि त्यापुढें गाड्यांची रांग लागली आहे, असें एक उदाहरण त्यांच्यापुढें होतें. रांगेंत मालमोटारी आहेत आणि बसगाड्याहि आहेत. रांगेंत उभें राहणें, पुढें सरकणें या गोष्टी दोहोंस समान. परंतु एकींत माल, दुसरींत उतारू. तर मग सामान्य ‘गाडी’ एकदांच वर्णन करावी, आणि ‘मालमोटार’ व ‘बस’ यांनीं तें वर्णन वारसा म्हणून घेऊन त्यांत आपापली भर घालावी, असा तोडगा निघाला. १९६७ सालच्या सिम्युलांत तो आला, आणि ‘क्लास’ म्हणजे वर्ग, व वर्गाचा उपवर्ग, ही मांडणी आज्ञावलीशास्त्रांत रूढ झाली. रत्नागिरीच्या एस. टी. स्थानकावर उभा असलेला मनुष्य लाल गाडी आणि मालाचा ट्रक यांच्यांत जें साम्य व जो भेद सहज पाहतो, तोच यंत्रास समजावून द्यावयास एवढी बुद्धि खर्च व्हावी, ही गंमतीची गोष्ट आहे.

अमेरिकेंत या भाषेचा प्रवेश जसा झाला तो प्रसंगहि सांगण्यासारखा आहे. १९६६ सालीं युटा विद्यापीठांत ॲलन के हा विद्यार्थी नुकताच दाखल झाला होता. त्याच्या हातीं एक चुंबकीय फीत आली. तिच्यावर ‘आल्गोल’ नांवाची परिचित भाषा आहे, ती चालत नाहीं, ती चालवून दाखीव, असें काम त्यास मिळालें. सोबतचीं टिपणें वाचून अर्थ लागेना. अखेर के आणि त्याचा एक सहाध्यायी यांनीं आज्ञावलीचा छापील कागद दालनाबाहेरच्या ओसरीवर उलगडला. तो ८० फूट लांब होता. त्यावर गुडघ्यांवर रांगत, कांहीं उमगलें कीं एकमेकांस ओरडून सांगत, ते दोघे शोध करीत राहिले. आणि शेंवटीं ध्यानांत आलें कीं ही भाषा बिघडलेली आल्गोल नव्हेच, ही दुसरीच कांहीं तरी आहे. ती सिम्युला होती. दोष शोधतां शोधतां शास्त्रांतील नवी वाट सांपडावी, असें या इतिहासांत एकदां नव्हे, अनेकदां झालेलें दिसतें.

दोष शोधण्याच्या कामास इंग्रजींत किडे वेंचणें अशा अर्थाचा शब्द आहे, आणि त्याची एक खरी नोंदहि आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड येथील ‘मार्क २’ या यंत्राच्या एका विद्युत्‌कळींत पतंग अडकलेला सांपडला. तो रोजनाम्यांत चिकटवून ठेवण्यांत आला. शब्द मात्र त्याहून जुना. पतंगानें तो निर्माण केला ही समजूत खरी नव्हे.

केच्या हातीं त्याच सुमारास आणखी एक ग्रंथ आला. ईव्हान सदरलँड यानें १९६३ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयाला सादर केलेला तो प्रबंध. त्यांत ‘स्केचपॅड’ या आज्ञावलीचें वर्णन होतें. पडद्यावर प्रकाशलेखणीनें रेघ ओढावी आणि यंत्रानें ती तत्काळ दाखवावी, हें त्यांतील नवल. पण त्याहून मोलाची गोष्ट अशी कीं, तेथें एखादी आकृति एकदां मूळ म्हणून काढून ठेवली, तर तिच्या हव्या तितक्या प्रती चित्रांत ठेवतां येत, आणि मूळ आकृतींत फरक केला कीं साऱ्या प्रती आपोआप बदलत. ठसा एक, उमटलेलीं नक्षी अनेक. आणि ठसा बदलतांच पूर्वीं उमटलेली नक्षीसुद्धां बदलते, असा लांकडी ठसा कोणा रंगाऱ्याजवळ नव्हता. माणूस आणि यंत्र यांनीं चित्राच्या द्वारें परस्परांशीं संवाद करावा, या गोष्टीचा खरा आरंभ येथें झाला.

ॲलन के पुढें कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रांत गेला. तेथें त्यानें १९७२ सालीं सर्व वयांच्या मुलांसाठीं एका संगणकाची कल्पना लिहून काढली. वहीएवढें यंत्र, त्यांत अक्षर, चित्र आणि सूर यांचा एकत्र मेळ, आणि मुलानें नुसतें पाहावयाचें नाहीं तर स्वतः घडवावयाचें. त्या यंत्रासाठीं म्हणून जी भाषा केली तिचें नांव ‘स्मॉलटॉक’. डॅन इंगल्स यानें ती चालती केली. ॲडेल गोल्डबर्ग यांनीं तिच्याद्वारें शाळेंतील मुलांना शिकविण्याचे प्रयोग केले. के हा जीवशास्त्राचा अभ्यासक होता. शरीरांतील पेशी जशा आपापलें आवरण सांभाळून एकमेकींस संदेश पाठवितात, तसे आज्ञावलीचे घटक असावेत, अशी त्याची धारणा होती.

आतां नॉर्वेचा दुसरा माणूस या कथेंत येतो. ट्रिग्वे रेनस्कॉग याचें आधींचें काम जहाजबांधणीचें. जहाजाच्या पोलादी पत्र्यांच्या आकृति संगणकानें काढाव्या, अशी व्यवस्था त्यानें १९६० नंतरच्या वर्षांत उभारली होती. जहाज एकच, पण आराखडा काढणाऱ्यास तें एका रूपानें पाहावयाचें असतें, पत्रे कापणाऱ्यास दुसऱ्या, हिशेब ठेवणाऱ्यास तिसऱ्या. रेनस्कॉग १९७८-७९ मध्यें पालो आल्टो येथें पाहुणा म्हणून राहिला तेव्हां त्यानें हा अनुभव एका नियमांत बसविला. मूळ गोष्ट एका वस्तूनें सांभाळावी. तिचें दर्शन दुसरीनें. आणि माणसाच्या हाताचा इशारा घेऊन तो योग्य जागीं पोंचविणें तिसरीनें. मूळ वस्तूला आपण कशा दिसतों याची फिकीर नसावी, आणि दर्शन घडविणाऱ्या वस्तूनें मुळांत परभारें फेरफार करूं नये. आज पडद्यावर चालणाऱ्या असंख्य आज्ञावली या त्रयीवर उभ्या आहेत. नागरी लिपीचा प्रश्न ज्या किल्लीनें उघडला ती हीच; परंतु कोणत्याहि सोयीबरोबर तिच्या चुकाहि येतात, त्यांचा वृत्तांत आधीं सांगावयास हवा.

चांगल्या युक्ति एकानें शोधाव्या, त्या त्याच्याबरोबर जाव्या, आणि दुसऱ्यानें पुन्हां पहिल्यापासून ठेचा खाव्या, हें कोणत्याहि धंद्यांत होतें. त्यावर उपाय सुचविला तो एका वास्तुशास्त्रज्ञानें. ख्रिस्तोफर अलेक्झांडर यानें १९६४ सालच्या आपल्या ग्रंथांत हिंदुस्थानांतील एका खेड्याच्या १४१ गरजांची यादी करून त्यांचे परस्परसंबंध तपासले होते. १९७७ सालीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं इमारतींचे व नगरांचे २५३ ‘पॅटर्न’ सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. पॅटर्न म्हणजे नकाशा नव्हे. कोंकणांतील घराचेंच पाहा. पाऊस तिरका येतो, जांभ्याची भिंत तो शोषून घेते, आणि आल्यागेल्याला तर थेट माजघरांत घेतां येत नाहीं. म्हणून पडवी आणि ओटी. प्रत्येक घराची पडवी निराळी, कोणाची एका अंगाला, कोणाची चारी बाजूंनीं. पण ‘पडवी घाला’ एवढें म्हटलें कीं गवंड्याला अडचणहि कळते आणि तिच्यावरचा तोडगाहि कळतो. एका शब्दांत एवढा अनुभव सांठविलेला असतो.

केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोघांनीं १९८७ सालीं ही रीति स्मॉलटॉकमधील खिडक्यांच्या रचनेस लावून पाहिली. १९९४ सालीं एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांचें ‘डिझाइन पॅटर्न्स’ हें पुस्तक निघालें. त्यांत २३ पॅटर्न आहेत. त्यांतील ‘फ्लायवेट’ वाचतांना जुन्या जुळाऱ्यास आपलीच पेटी आठवली असती. लांबलचक मजकुरांतील प्रत्येक अक्षर ही स्वतंत्र वस्तु करावी तर यंत्राची स्मृति भरून जाईल. म्हणून ‘क’ ही वस्तु एकच ठेवावी, तीच सर्वत्र वापरावी, आणि ती कोणत्या ओळींत कोठें उभी आहे ही गोष्ट तिच्या पोटांत न ठेवतां बाहेर नोंदवावी. छापखान्यांत खिळा जागा अडवितो, म्हणून एका ‘क’चे शंभर खिळे लागतात, यंत्रांत एका ‘क’वर सारा ग्रंथ जुळतो.

दुसरा पॅटर्न ‘ऑब्झर्व्हर’ नांवाचा. त्याचें मर्म मासिकाच्या वर्गणीदारांना चटकन समजेल. एका वस्तूंत कांहीं बदल झाला तर तो इतरांस कळावयास हवा. पण कोणाकोणास तो हवा आहे हें तिला आधीं ठाऊक असण्याचें कारण नाहीं. ज्यास हवें त्यानें वर्गणीदार म्हणून नांव नोंदवावें. अंक निघाला कीं यादींतील प्रत्येकाला जाईल. मल्टिमीडिया, म्हणजे जेथें बोट लावतांच चित्र हलतें, आवाज निघतो, अक्षर उमटतें, त्या प्रकारच्या आज्ञावली बहुतांशीं याच युक्तीवर चालतात.

अशा आज्ञावली सामान्य माणसाच्या हातीं आल्या त्या १९८७ सालीं. बिल ॲटकिन्सन यानें ॲपल कंपनीच्या यंत्रासाठीं केलेल्या ‘हायपरकार्ड’मध्यें पत्त्यांच्या गड्डीसारखीं कार्डें असत व कार्डावर बटणें असत. बटण दाबलें कीं निरोप निघे. बटणाला त्याचें उत्तर देतां आलें नाहीं तर तो कार्डाकडे, तेथून पार्श्वभूमीकडे, तेथून साऱ्या गड्डीकडे जाई. वर्गनायकाकडून वर्गशिक्षकांकडे आणि तेथून मुख्याध्यापकांकडे जाणाऱ्या अर्जासारखा. शाळामास्तरांनीं यांतून धडे तयार केले. नंतर १९९६ पासून ‘फ्लॅश’ आलें. त्याची भाषा २००० सालीं ‘ॲक्शनस्क्रिप्ट’ या नांवानें पुढें आली, आणि २००६ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत ती पुरती वस्तुरूप झाली. चित्र काढणाऱ्यांनीं आज्ञावली लिहावयाची, असा तो काळ. त्यामुळें चुकाहि ठराविक आणि घराघरांत सारख्याच.

त्यांतील एक नमुन्यादाखल घेऊं. बाराखडीचा खेळ आहे. ‘क’वर बोट ठेवलें कीं ‘क’ असा उच्चार ऐकूं येतो. मूल मागच्या पानावर जातें, परत येतें, बोट ठेवतें. आतां उच्चार दोनदां होतो. आणखी एकदां जाऊन आलें कीं तीनदां. ध्वनिमुद्रण तपासावें तर निर्दोष. बटण तपासावें तर तेंहि ठीक. खरा दोष वर्गणीदारांच्या यादींत असतो. पानावर प्रत्येक वेळीं पाऊल पडतांच आज्ञावली ध्वनीचें नांव नव्यानें नोंदविते, आणि पान सोडतांना जुनी नोंद रद्द करीत नाहीं. बिऱ्हाड बदलणाऱ्या गृहस्थानें दोन पत्त्यांवर वर्गणी चालूं ठेवावी आणि दोन अंक कां येतात म्हणून टपालखात्यावर रागवावें, त्यांतलाच प्रकार. दुसरी नेहमींची चूक अशी कीं, जी वस्तु अद्याप पडद्यावर आलेलीच नाहीं तिला निरोप धाडावयाचा. हजेरी मांडण्यापूर्वींच मुलाला प्रश्न विचारला तर उत्तर कोठून येणार? मुरलेला आज्ञावलीकार अशा वेळीं सगळीकडे हात घालीत नाहीं. कोणत्या वस्तूस कोणता निरोप कितव्या वेळीं पोंचला, एवढेंच तो पायरीपायरीनें लिहवून घेतो. दोन वेळां पोंचलेला निरोप दिसला कीं अर्धें काम झालें.

फ्लॅशची सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजीं बंद झाली. चित्र, शब्द आणि चालना यांची एकजीव खिचडी करून ठेवलेले किती तरी धडे त्या दिवसापासून नेहमींच्या साधनांनीं उघडेनासे झाले. ज्यांनीं मजकूर निराळा, चित्रें निरालीं आणि त्यांना हालविणारी आज्ञावली निराळी ठेविली होती, त्यांना नव्या साधनांत घर हालवितां आलें. रेनस्कॉगच्या नियमाचा हा सर्वांत महाग पडलेला पुरावा होय.

आणि आतां पुन्हां वेलांटीकडे. ‘शक्ति’ हा शब्द उच्चारतांना ‘इ’ सर्वांच्या शेंवटीं येते. लिहितांना तिची खूण ‘क्‌’ आणि ‘त’ या दोहोंच्या आधीं बसते. खिळे जुळविणारा डोळ्यांना दिसतें त्या क्रमानें जुळवीत असे. तेथें उच्चाराचा संबंध नव्हता. संगणकाला हा क्रम कोणता सांगावयाचा? कानपूरच्या तंत्रविद्यालयांत मोहन तांबे यांच्या प्रमुखत्वाखालीं ‘जिस्ट’ नांवाचें जें काम झालें, आणि १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाल्यावर जें तेथें वाढीस लागलें, त्यानें याचें उत्तर स्वच्छ दिलें. पोटांत उच्चाराचा क्रम ठेवावा. दाखवितांना लिपीचा क्रम लावावा. आणि हीं दोन कामें एकमेकांत मिसळूं नयेत. संगणकांत एक पत्रिका बसवीत; खालच्या आज्ञावलीस केवळ वर्णांचे क्रमांक ठाऊक, त्यांचें जोडाक्षर कसें वळतें तें पत्रिका जाणे. १९९१ सालच्या भारतीय मानकांत हा वर्णसंकेत नोंदला गेला. त्याचें सौंदर्य असें कीं, ‘क’ला जो क्रमांक तोच गुजराती, कानडी, बंगाली ‘क’ला, एकच मजकूर, दर्शन घडविणारी वस्तु बदलली कीं दुसऱ्या लिपींत उभा. एका निरोपाला प्रत्येक वस्तूनें आपापल्या परीनें उत्तर द्यावें, हें वस्तुरूप रचनेचें तत्त्व याहून ठसठशीत दुसरीकडे क्वचितच दिसेल. जगांतील सर्व लिपींसाठीं निघालेल्या ‘युनिकोड’नें आपल्या हिंदी लिपींची मांडणी या संकेताच्या १९८८ सालच्या आवृत्तीवरूनच घेतली.

दर्शनाची बाजू सांभाळणाऱ्यांत सुलेखनकार र. कृ. जोशी यांचें नांव आदरानें घ्यावयास हवें. ‘विंडोज २०००’बरोबर आलेला ‘मंगल’ हा नागरी फॉन्ट त्यांचा. वेलांटीनें कोणाला ओलांडून कोठें बसावें, रफार कोणाच्या डोक्यावर चढावा, हे नियम अशा फॉन्टच्या व तो वाचणाऱ्या आज्ञावलीच्या पोटांत असतात. शेंकडों आकार तेथेंहि लागतात. फरक इतकाच कीं ते शोधण्यासाठीं जुळाऱ्याला पाय मोडावे लागत नाहींत.

हें होण्यापूर्वीं कांहीं वर्षें उलट्या मार्गाचें पीक आलें होतें. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर नागरीचे तुकडे बसवून, दिसतें तेंच पोटांत ठेवण्याची ती युक्ति होती. छापील कागद सुरेख निघे. पण तोच मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला आणि तेथें तो फॉन्ट नसला, कीं मराठी पत्राच्या जागीं रोमन अक्षरांची चटणी. त्या मजकुरांत शब्द शोधतां येईना, अकारविल्हे लावतां येईना. संवादी चित्रांच्या आज्ञावलींतहि नागरीची जोडणी दीर्घकाळ नीट नव्हती, म्हणून कर्ते शब्दाचें चित्रच करून चिकटवीत. २००८ सालीं फ्लॅशच्या दहाव्या आवृत्तींत अशा लिपींसाठीं नवी योजना आली, तोंवर पुष्कळसे धडे चित्र होऊन बसले होते. चित्रांतल्या शब्दांतील शुद्धलेखनाची चूक सुधारावयाची तर चित्रच पुन्हां काढावें लागे.

मराठीची म्हणून एक खास अडचण होती, ती कोंकणच्या माणसानें तर विसरूं नये. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. हिंदी लिहिणाऱ्याला दुसऱ्या प्रकारचा र लागत नाहीं, त्यामुळें नुसत्या ‘र’ला पुढील ‘य’ जोडला कीं यंत्र डोक्यावर रफारच चढवी, आणि सह्याद्रीच्या दऱ्या समुद्रांत बुडत. यासाठीं ‘ऱ’ हा निराळा वर्ण योजून त्यापासून आडवा र काढण्याची सोय झाली. पण तोच आकार साधा ‘र’ आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांपासूनहि काढतां येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राला दोन निरनिराळे शब्द. म्हणून ‘दऱ्या’ शोधूं गेलें तर कधीं अर्ध्याच दऱ्या सांपडतात. दर्शन आणि मूळ यांची फारकत केली म्हणजे मूळ एकाच रीतीनें नोंदविण्याची दक्षता वाढते, आणि ती न घेतल्यानें झालेला दोष डोळ्यांनीं सांपडत नाहीं.

रत्नागिरीच्या ‘अि’चें काय झालें, असें कोणी विचारील. युनिकोडच्या नियमांत ‘आ’ हें एकच अक्षर म्हणून नोंदवावें, ‘अ’ आणि काना असें तोडून नोंदवूं नये, असें स्पष्ट सांगितलें आहे. म्हणजे जें ‘आ’ सावरकरांच्या युक्तिवादाचा आधार होतें, तेंच यंत्रानें अखंड मानलें. ‘अि’ आणि ‘अु’ यांना मात्र तशी मनाई नाहीं. ‘अ’ला वेलांटी जोडली कीं ती नेहमींच्या शिस्तीनें त्याच्या डावीकडे जाऊन बसते. ‘किर्लोस्कर’चे जुने अंक जो कोणी संगणकावर उतरवूं लागेल त्यानें ‘अितिहास’ हा शब्द जसाच्या तसा नोंदवावा, आणि ‘इतिहास’ शोधणाऱ्यालाहि तो सांपडावा एवढी समज शोध करणाऱ्या वस्तूला द्यावी. मूळ पानाला हात लावण्याचें त्यास कारण नाहीं.